लिनक्स पीसीवर आवाज दर खेपेस भलत्याच साधनातून येतो: क्रमानं काय तपासायचं

देवळाच्या सभागृहातला किंवा भजनी मंडळाच्या खोलीतला पीसी घ्या. मदरबोर्डचं साउंड कार्ड, भिंतीवरच्या टीव्हीची एचडीएमआय, वेबकॅमचा माइक, मिक्सरकडून येणारा यूएसबी डोंगल (छोटं साउंड कार्ड) आणि कुणीतरी कधीतरी जोडलेला ब्लूटूथ स्पीकर, अशी पाच साधनं एकाच लिनक्सवर. शनिवारी सगळं नीट चालतं. रविवारी पीसी सुरू केला की भजन टीव्हीतून वाजतं आणि थेट प्रक्षेपणात माइक वेबकॅमचा. हा बिघाड परत परत येतो, कारण दर वेळी आवाज फक्त त्या दिवसापुरता जागेवर आणला जातो. साधन निवडतं कोण आणि कशाच्या आधारावर, याला कुणी हात लावत नाही.

फेडोरा ३४, उबुंटू २२.१०, डेबियन १२ (ग्नोम) आणि लिनक्स मिंट २२ पासून आवाजाचा कारभार पाइपवायर पाहतं, आणि कुठलं साधन कुणाला द्यायचं हे त्याचा जोडीदार वायरप्लंबर (फेडोरावर ३५ पासून) ठरवतो. मिंट २१ किंवा उबुंटू २२.०४ वर अजून पल्सऑडिओ आहे. दोन्हींवर चालणारं एक साधं सॉफ्टवेअर आधी घालून ठेवा: पॅव्हुकंट्रोल. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये ते ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ या नावानं मिळतं. नावात पल्सऑडिओ असलं तरी पाइपवायरवर ते बिनतक्रार चालतं.

कमांड आणि फाइलींची नावं पुढे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायची. डॅश म्हणजे आडवी रेघ.

लक्षणं

- पीसी रीस्टार्ट केला किंवा वीज जाऊन आली, की आवाज दुसऱ्याच साधनातून.
- टीव्ही बंद-चालू केला की आवाज उडी मारतो.
- डीफॉल्ट बदललं तरी एकच अ‍ॅप, बहुतेक वेळा ब्राउझर, जुन्याच जागी वाजत राहतं.
- ब्लूटूथ हेडसेटवर मीटिंग सुरू होताच आवाज फोनसारखा बारीक आणि चेपलेला.
- सेटिंगमध्ये ‘डमी आउटपुट’ एवढंच दिसतं.
- हेडफोन काढले तरी लॅपटॉपचे स्पीकर गप्प.
- सारखेच दोन यूएसबी डोंगल, आणि त्यांची नावं अदलाबदल होतात.
- मधूनमधून कट्-कट्, किंवा पहिला शब्द गिळला जातो.
- मिक्सर जोडला की ‘घूं’ अशी सलग गुणगुण.

तुमचं लक्षण कुठलंही असो, तपासणी वरून सुरू करा. पहिल्या तीन पायऱ्यांना फारसा खर्च लागत नाही आणि बहुतेक तक्रारी तिथंच मिटतात.

१. वायर, सॉकेट आणि हब

गोव्यात हे आधी. जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास रेंगाळते आणि किनाऱ्यालगत हवेत खारही असतो. ३.५ मिमीच्या सॉकेटमध्ये हेडफोन आत आहे की बाहेर हे सांगणारी एक छोटी पत्ती असते. तिच्यावर थर चढला की हेडफोन काढल्यावरही ती ‘आत आहे’ असंच सांगते, आणि कार्ड स्पीकर म्यूट करून बसतं. पॅव्हुकंट्रोलच्या ‘आउटपुट डिव्हायसेस’मध्ये पोर्टची यादी उघडा. सॉकेट रिकामं असताना हेडफोनपुढे ‘प्लग्ड इन’ लिहिलेलं असेल, तर दोष या पत्तीचा. सॉफ्टवेअरमध्ये शोधत बसू नका.

उपाय: पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. फरक पडला पण टिकला नाही, तर पीसी बंद करून, प्लग काढून, पिनेला कॉन्टॅक्ट क्लीनर किंवा ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं लावा, परत दहा वेळा फिरवा आणि पाच-दहा मिनिटं वाळू द्या. फवारा थेट सॉकेटमध्ये मारू नका, तो आत बोर्डावर जातो. गंज सुटायला वापरतो ते तेलकट स्प्रे इथं नकोतच. त्यांचा चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. डोंगल आणि माइक वापरात नसताना सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवले तर पावसाळा बिनघोर जातो.

दुसरी गोष्ट हब. पीसी यूपीएसवर असतो आणि यूएसबी हबचा अ‍ॅडाप्टर भिंतीवरच्या प्लगमध्ये. वीज लुकलुकली की पीसी चालू राहतो, हब मात्र क्षणभर मरतो आणि त्यावरची सगळी साधनं नव्यानं, वेगळ्या क्रमानं हजर होतात. ‘काही केलं नाही तरी बदललं’ ही तक्रार पुष्कळदा इथून येते. हबचा अ‍ॅडाप्टर यूपीएसवर आणा. अ‍ॅडाप्टर नसलेल्या हबवर तर ऑडिओ इंटरफेस (माइक पीसीला जोडणारी डबी) लावूच नका: यूएसबी २ चा एक पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतो आणि तेवढ्यातच वेबकॅम, माउस आणि इंटरफेस भागवायला लागतात. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम देणारा इंटरफेस असेल तर तो सरळ पीसीच्या मागच्या पोर्टात, कायम त्याच पोर्टात. पोर्टावर पांढऱ्या शाईनं खूण करा. ‘कायम त्याच पोर्टात’ हे का, ते सातव्या पायरीवर येईल.

तिसरी, पिन कुठली आहे ती. लॅपटॉपच्या एकाच सॉकेटला चार कड्यांची पिन लागते. तीन कड्यांचा जुना माइक त्यात घातला तर मशीन त्याला हेडफोन समजतं, माइक दिसतच नाही. मिक्सरचं आउटपुट गुलाबी माइक सॉकेटमध्ये घातलं तर आवाज फाटतो, कारण ते सॉकेट माइकच्या क्षीण पातळीसाठी आहे. निळं लाइन-इन असेल तर तिथं घाला. नसेल तर लाइन-इन असलेला यूएसबी डोंगल घ्या. ‘माइक बूस्ट’ शून्यावर आणूनही फाटत असेल तर सॉफ्टवेअरमध्ये त्याला औषध नाही.

२. पॅव्हुकंट्रोल उघडा, आणि आवाज चालू असताना पाहा

हे महत्त्वाचं: काहीतरी वाजत असतानाच पाहायचं. ‘प्लेबॅक’ टॅबमध्ये त्या वेळी वाजणारीच अ‍ॅप्स दिसतात, आणि प्रत्येकापुढे ते कुठल्या साधनात वाजतंय याचं बटण असतं. माइकसाठी हेच ‘रेकॉर्डिंग’ टॅबमध्ये.

खाली हलणारी पट्टी दिसते पण आवाज नाही, याचा अर्थ अ‍ॅप ठीक आहे, आवाज पोचतोय पण चुकीच्या दारात. पट्टीच हलत नसेल तर अ‍ॅपमध्येच म्यूट आहे किंवा अ‍ॅपनं वेगळंच साधन धरलंय. एवढ्या एका निरीक्षणानं अर्धं काम संपतं, म्हणून सेटिंग बदलण्याआधी ते करा.

मग ‘आउटपुट डिव्हायसेस’मध्ये हव्या त्या साधनापुढची हिरवी खूण दाबा. ‘इनपुट डिव्हायसेस’मध्ये माइकलाही वेगळी खूण करावी लागते, आणि लोक विसरतात ती हीच. वेबकॅम लावला की त्याचा माइक यादीत येतो. तुम्ही स्वतः कुठला माइक ठरवून दिला नसेल तर वायरप्लंबर आपल्या प्राधान्यक्रमानं निवडतो.

खूण एकदा केली की वायरप्लंबर ती लक्षात ठेवतो. साधन काढलं तर तात्पुरतं दुसरं घेतो, परत लावलं की ठरवलेल्याकडे जातो. पल्सऑडिओवर तसं नाही: तिथं नवं यूएसबी साधन जोडताच सगळा आवाज तिकडे वळवणारं मॉड्यूल चालू असू शकतं. ईटीसी फोल्डरातल्या पल्स उपफोल्डरात डीफॉल्ट.पीए ही फाइल आहे. तीत मॉड्यूल-स्विच-ऑन-कनेक्टची ओळ सापडली, तर तिच्या सुरुवातीला हॅश चिन्ह घालून पीसी रीस्टार्ट करा.

३. नको ती साधनं बंदच करा

माझ्या मते पूर्ण यादीतला सर्वात परिणामकारक उपाय हा, आणि लोक तो टाळतात कारण ‘राहू दे, कधीतरी लागेल’. पॅव्हुकंट्रोलच्या शेवटच्या ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये प्रत्येक कार्डापुढे प्रोफाइलची यादी आहे. वेबकॅमचा माइक कधीच वापरणार नसाल तर तिथं ‘ऑफ’ करा. ग्राफिक्स कार्डाची एचडीएमआय आवाजासाठी लागत नसेल तर तीही ‘ऑफ’. मागे उरतात दोन साधनं: एक ऐकवणारं, एक ऐकणारं. निवडायला पर्यायच नसेल तर चुकीची निवड होणार कशी? ही निवड रीस्टार्टनंतरही टिकते आणि लागेल तेव्हा दोन क्लिकमध्ये परत आणता येते.

इथंच आणखी एक पाहा. मदरबोर्डच्या कार्डाचं प्रोफाइल ‘अ‍ॅनालॉग स्टिरिओ आउटपुट’ असेल तर त्यावरचा माइक यादीतून गायब होतो. ‘डुप्लेक्स’ निवडलं की दोन्ही येतात. बऱ्याच लॅपटॉपमध्ये अ‍ॅनालॉग आणि एचडीएमआय एकाच कार्डावर असतात आणि एका वेळी एकच प्रोफाइल चालतं. टीव्हीवर आवाज नेला की लॅपटॉपचा स्पीकर नाहीसा होतो, त्यात बिघाड काही नाही. दोन्हीकडे एकदम हवा असेल तर ‘प्रो ऑडिओ’ प्रोफाइलमध्ये सगळी आउटपुटं वेगवेगळी उघडतात, पण त्यात म्यूट आणि पोर्ट बदलणं आपोआप होत नाही, व्हॉल्यूमही हातानं सांभाळावा लागतो. ज्याला हे कळतं त्यानंच वापरावं. पाच जण हाताळतात त्या पीसीवर नको.

टीव्हीचं एक वैशिष्ट्य: टीव्ही बंद असेल तर पीसीला एचडीएमआयवर आवाजाचं साधन बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून वीज आल्यावर पीसी आधी आणि टीव्ही नंतर सुरू झाला की यादी दोनदा बदलते. टीव्हीतूनच आवाज हवा असेल तर आधी टीव्ही, मग पीसी.

४. एकच अ‍ॅप हट्ट करतंय

पाइपवायर आणि पल्सऑडिओ दोघंही प्रत्येक अ‍ॅपची आठवण वेगळी ठेवतात. कुणी एकदा ब्राउझर ‘प्लेबॅक’ टॅबमधून टीव्हीवर सरकवला असेल, तर डीफॉल्ट कितीही बदला, ब्राउझर टीव्हीवरच जाणार. उपाय सरळ आहे: त्या अ‍ॅपमध्ये काही वाजवा आणि ‘प्लेबॅक’मधूनच ते हव्या साधनावर आणा. जिथून बिघडवलं तिथूनच दुरुस्त होतं.

ओबीएसमध्ये (थेट प्रक्षेपणाचं सॉफ्टवेअर) माइक ‘डीफॉल्ट’ ठेवू नका, साधनाचं नाव निवडा. प्रक्षेपणात आवाज दुहेरी किंवा विहिरीतून आल्यासारखा येत असेल तर तोच माइक दोन ठिकाणी घेतलेला असतो: एकदा सेटिंगमधल्या ऑडिओ पानावर आणि एकदा सीनमध्ये. एक काढा.

ऑडॅसिटी (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) साधनांची यादी उघडताना एकदाच वाचते. नंतर जोडलेला डोंगल दिसत नसेल तर ऑडिओ सेटअपमधून ‘रीस्कॅन’ करा. तिथं होस्ट म्हणून अल्सा (लिनक्सचा सर्वात खालचा आवाजाचा थर) निवडून थेट हार्डवेअर धरलं तर ते साधन इतर अ‍ॅपना मिळत नाही आणि ‘डिव्हाइस बिझी’ येतं. कुणी धरलंय हे कळायला एफयुझर डॅश व्ही ही कमांड, पुढे डेव्ह फोल्डरातल्या एसएनडीचा पत्ता आणि शेवटी तारका. पाइपवायर किंवा वायरप्लंबरचं नाव दिसलं तर ते साहजिकच आहे. तिसरंच नाव दिसलं तर तो गुन्हेगार.

पातळीबद्दल जाता जाता: घुमट (मातीचं तालवाद्य) आरतीच्या रेकॉर्डिंगला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील एवढाच गेन ठेवा. झांजेची आणि घुमटाची थाप क्षणात वर उसळते. सुरात गाणाऱ्याकडे पाहून गेन लावला तर पहिल्याच थापेला आवाज कापला जातो आणि कापलेला आवाज नंतर कशानंही जुळत नाही.

५. ब्लूटूथ

ब्लूटूथ हेडसेटला दोन रूपं आहेत. ए२डीपीमध्ये चांगला स्टिरिओ, पण माइक नाही. एचएसपी-एचएफपीमध्ये माइक, पण आवाज मोनो आणि नमुने सेकंदाला १६,००० किंवा फक्त ८,०००. कुठलंही अ‍ॅप हेडसेटचा माइक उघडतं तेव्हा प्रोफाइल आपोआप दुसऱ्या रूपात जातं. म्हणून मीटिंगमध्ये संगीत ‘बिघडतं’. हेडसेट बदलून फायदा नाही. माइक म्हणून वेबकॅम किंवा यूएसबी माइक निवडा, ‘कॉन्फिगरेशन’मध्ये हेडसेट ए२डीपीवर ठेवा.

सभागृहाच्या पीसीवर मात्र ब्लूटूथ बंदच ठेवावं. शेजारून कुणाचा तरी जोडून ठेवलेला स्पीकर जागा झाला की आरतीच्या मधोमध आवाज तिकडे जातो.

६. मशीनला कार्ड दिसतंय का

आता टर्मिनल. एप्ले डॅश एल ही कमांड वाजवणारी साधनं दाखवते, एरेकॉर्ड डॅश एल माइकची. ही यादी थेट कर्नलकडून (लिनक्सच्या गाभ्याकडून) येते, मध्ये पाइपवायर नसतं. म्हणूनच तिचं मोल.

यादीत कार्ड आहे, पण डेस्कटॉपवर नाही: दोष पाइपवायरच्या थरात. पुढच्या पायऱ्या करा. एक सोपं कारण आधी बघा: दुसरा कुणी युझर लॉग-इन असताना ‘स्विच युझर’नं तुम्ही आत आलात का? साउंड साधनांचा हक्क ज्याचं सत्र समोर आहे त्याच्याकडे असतो. पहिल्याचं सत्र साधन सोडत नसेल तर तुम्हाला ‘डमी आउटपुट’ मिळतं. शाळेच्या लॅबमध्ये हे फार होतं. पहिल्याला पूर्ण लॉग-आउट करा.

यादीतही कार्ड नाही: यूएसबी असेल तर एलएसयूएसबी ही कमांड द्या. तिथंही नाही तर वायर, पोर्ट किंवा डोंगल मेलेला. सुडो डीमेसेज (अक्षरं डी, एम, ई, एस, जी, सलग) चालवून शेवटच्या ओळी वाचा. ‘एरर उणे ७१’ किंवा ‘उणे ११०’ दिसलं तर डेटा वायरीत किंवा विजेत घोळ आहे: दुसरी वायर, दुसरा पोर्ट, हबशिवाय, या क्रमानं. मदरबोर्डचं कार्ड नसेल तर बायोसमध्ये ‘ऑनबोर्ड ऑडिओ’ चालू आहे का ते पाहा. २०२० च्या सुमाराच्या आणि नंतरच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपना एसओएफ नावाचं फर्मवेअर लागतं. डेबियनवर फर्मवेअर-एसओएफ-साइन्ड हे पॅकेज घाला आणि रीस्टार्ट करा.

दोन्ही ठिकाणी कार्ड आहे पण आवाज नाही, तर अल्सामिक्सर उघडा. एफ६ नं कार्ड निवडा. पट्टीखाली ‘एमएम’ म्हणजे म्यूट, ‘ओओ’ म्हणजे चालू. एम दाबून बदलतं. एफ४ नं माइकच्या पट्ट्या येतात. ‘ऑटो-म्यूट मोड’ दिसला तर ‘डिसेबल्ड’ करून पाहा: पहिल्या पायरीतली गंजलेली पत्ती असतानाही स्पीकर वाजू शकतो. हा तात्पुरता इलाज आहे, पण पावसाळा काढायला पुरतो.

७. क्रमांकावर नव्हे, नावावर भरवसा

कर्नल कार्डांना हजेरीच्या क्रमानं ०, १, २ देतो. आज वेबकॅम आधी जागा झाला तर तो १, उद्या डोंगल आधी तर तो १. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ‘एचडब्ल्यू १ कॉमा ०’ लिहायला सांगितलेलं असतं. तसं लिहिलेली सेटिंग एखाद्या रीस्टार्टला मोडतेच. डब्ल्यूपीसीटीएल स्टेटसमध्ये साधनापुढे दिसणारा आकडाही बदलता असतो. त्या आकड्यानं डब्ल्यूपीसीटीएल सेट-डीफॉल्ट आत्तापुरतं करायला हरकत नाही. स्क्रिप्टमध्ये तो आकडा कधीच लिहू नका.

टिकतं ते नाव. पीएसीटीएल लिस्ट शॉर्ट सिंक्स दिलं की प्रत्येक आउटपुटचं लांबलचक नाव मिळतं, माइकसाठी शेवटचा शब्द सोर्सेस. लॉग-इनला चालणाऱ्या अ‍ॅप्समध्ये दोन ओळी घाला: पीएसीटीएल सेट-डीफॉल्ट-सिंक आणि पुढे ते नाव, पीएसीटीएल सेट-डीफॉल्ट-सोर्स आणि पुढे माइकचं नाव. दहा सेकंद उशिरानं चालू होतील असं लावा, म्हणजे सगळी साधनं तोवर हजर असतात. मग आदल्या संध्याकाळी कुणी काहीही बदललेलं असो, पीसी सुरू झाला की घडी पूर्ववत.

सारखेच दोन डोंगल हा वेगळा ताप. स्वस्त डोंगलमध्ये अनुक्रमांक लिहिलेलाच नसतो. दोन्ही ‘यूएसबी पीएनपी साउंड डिव्हाइस’ म्हणून येतात, अल्सा एकाला ‘डिव्हाइस’ आणि दुसऱ्याला ‘डिव्हाइस_१’ म्हणतं, आणि कुणाला कुठलं हे पुन्हा हजेरीवर. आरसीए पिनांचे बरेच इंटरफेसही आत पीसीएम२९०२ ही एकच चिप असल्यानं ‘यूएसबी ऑडिओ कोडेक’ या एकाच नावानं दिसतात, डबीवर कंपनी कुठलीही असो. मशीनला त्यांच्यात भेद करायला एकच खूण उरते: पोर्ट. म्हणून पोर्ट बदलायचा नाही. त्यावर यूडेव्हचा (लिनक्सचा साधनं ओळखणारा भाग) नियम लिहून पोर्टप्रमाणे नाव देता येतं, किंवा वायरप्लंबरमध्ये बस-पाथवरून (पोर्टचा पत्ता) ओळख पटवता येते. पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळच्या खटाटोपापेक्षा दुसरा डोंगल वेगळ्या चिपचा आणणं स्वस्त पडतं.

८. पाइपवायर नव्यानं सुरू करणं, आणि आठवण पुसणं

सिस्टमसीटीएल, डॅश-डॅश-युझर, रीस्टार्ट, मग वायरप्लंबर, पाइपवायर, पाइपवायर-पल्स. सुडो लावू नका. ही सेवा युझरच्या सत्रात चालते, रूटची नाही. नंतर ब्राउझर आणि ओबीएस बंद करून उघडा.

पीएसीटीएल इन्फोमध्ये सर्व्हरचं नाव वाचा. ‘पल्सऑडिओ, ऑन पाइपवायर’ असं दिसलं तर ठीक. नुसतं पल्सऑडिओ दिसलं आणि तुमची आवृत्ती नवी असेल, तर अपग्रेडमध्ये जुना सर्व्हर मागे राहिलाय आणि दोघं एकाच कार्डासाठी भांडतायत. एकाला ठेवा.

एवढं करूनही निवड टिकत नसेल तर वायरप्लंबरची आठवण बिघडलेली असू शकते. सेवा थांबवा, होम फोल्डरातल्या लपलेल्या लोकल फोल्डरात स्टेट, त्यात वायरप्लंबर या फोल्डराचं नाव बदला (उडवू नका), सेवा सुरू करा. मग दुसरी आणि तिसरी पायरी परत, एकदाच, नीट.

वायरप्लंबरच्या सेटिंग फाइली इंटरनेटवरून उतरवताना आवृत्ती बघा. ०.४ पर्यंत त्या ल्युआ भाषेत होत्या. २०२४ मध्ये आलेल्या ०.५ पासून ती पद्धत गेली. जुनी फाइल नव्यावर ठेवली तर नुसती दुर्लक्षिली जाते.

९. कट्-कट्, आणि गिळलेला पहिला शब्द

पीडब्ल्यू-टॉप चालवा आणि ‘ईआरआर’ रकाना पाहा. कट् झालं की तिथला आकडा वाढत असेल तर मशीन वेळेत आवाज पोचवू शकत नाही. पाइपवायर सहसा ४८,००० च्या दरानं १०२४ नमुन्यांचा घास घेतं, म्हणजे सुमारे २१ मिलिसेकंद. तो दुप्पट करून पाहा: पीडब्ल्यू-मेटाडेटा डॅश एन सेटिंग्ज ० क्लॉक.फोर्स-क्वांटम २०४८. विलंब ४३ मिलिसेकंदांवर जातो, प्रक्षेपणाला तो चालतो. हेडफोनमध्ये स्वतःला ऐकत गाणाऱ्याला मात्र खटकतो. २०४८ च्या जागी ० दिलं की पूर्ववत.

आकडा वाढत नसताना कट् होत असेल तर बहुधा घड्याळाचा प्रश्न. प्रत्येक साउंड साधनाचं स्वतःचं क्रिस्टल असतं आणि दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखी नसतात. दहा लाखांत ५० एवढाच फरक धरला तरी तासाला ०.१८ सेकंद, आणि वास्कोच्या दामोदर सप्ताहासारख्या २४ तासांच्या अखंड भजनात चार सेकंदांहून जास्त. पाइपवायर एका साधनाला प्रमाण मानून बाकीच्यांचा आवाज सतत ताणतं-आवळतं, म्हणून एका पीसीवर हे सहसा कळत नाही. माइक एका रेकॉर्डरवर आणि पेटी दुसऱ्या पीसीवर घेतली, तर मात्र शेवटी टाळी जुळत नाही. चार माइक हवे असतील तर चार डोंगल घेण्यापेक्षा चार इनपुटांचा एकच इंटरफेस घ्या. घड्याळ एक, भांडण नाही.

पहिला शब्द गिळला जाणं वेगळं. पाच सेकंद शांतता गेली की वायरप्लंबर साधनाला झोपवतो, आणि टीव्हीला जागं व्हायला वेळ लागतो. सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स हे मूल्य त्या साधनापुरतं ० केलं की ते झोपत नाही.

१०. गुणगुण

मिक्सर जोडल्यावर ‘घूं’ येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण थांबली तर मिक्सर आणि लॅपटॉप यांच्या अर्थिंगमधून ५० हर्ट्झचा फेरा फिरतोय. आधी दोन्हींचे प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डावर आणा, फुकटात भागतं. नाही भागलं तर मिक्सर आणि डोंगलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्स लावा.

अर्थिंगची जाड पिन तोडून किंवा दोन पिनांचा अ‍ॅडाप्टर लावून गुणगुण घालवतात, तसं अजिबात करायचं नाही. ती पिन माइक हातात धरणाऱ्याच्या जिवासाठी आहे, आणि पावसाळ्यात फरशी ओली असते.

इथं थांबा आणि माणूस बोलवा

लॅपटॉपच्या धातूला किंवा माइकच्या जाळीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर सगळं मेन स्विचवरून बंद करा आणि वायरमनला बोलवा. संगणकवाल्याला नको, आधी वायरमनला. सभागृहाचं अर्थिंग मोजून घ्या.

वळवाच्या गडगडाटानंतर साउंड कार्ड गायब झालं असेल, जळका वास येत असेल किंवा डोंगल चटका बसण्याइतका तापत असेल, तर तो परत लावून बघू नका. तो पोर्ट किंवा मदरबोर्डही सोबत नेऊ शकतो.

सॉकेट साफ करूनही पत्ती अडकत असेल तर ते सोल्डरिंगचं काम आहे. लॅपटॉप वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटर. नसेल तर ३०० ते ५०० रुपयांच्या आसपासच्या डोंगलवर भागतं का ते आधी पाहा, बोर्ड उघडण्यापेक्षा ते बरं.

बायोसमध्ये ऑडिओ चालू, लाइव्ह यूएसबीवरून दुसरं लिनक्स सुरू केलं, तरीही कार्ड कुठेच नाही: हार्डवेअर गेलं. सॉफ्टवेअरवर आणखी वेळ घालवू नका.

आणि कार्यक्रम आजच संध्याकाळी असेल तर सहाव्या पायरीपुढे जाऊ नका, सिस्टम अपडेटही देऊ नका. दुसरी आणि तिसरी पायरी करून आवाज जागेवर आणा, बाकीचं उद्या.

तंत्रज्ञाला बोलावताना ‘आवाज येत नाही’ एवढ्यावर भागवू नका. एप्ले डॅश एल, एरेकॉर्ड डॅश एल, डब्ल्यूपीसीटीएल स्टेटस आणि पीएसीटीएल इन्फो या चारांचं आउटपुट एका टेक्स्ट फाइलमध्ये, बिघाड चालू असतानाच, उतरवून पाठवा. सोबत पीसीच्या मागच्या बाजूचा एक फोटो, सगळ्या वायरी लावलेल्या स्थितीत.